कोरमघाटची हाजरी

२ जुलै १९८४, सोमवार

आलो बाप्पा एकदाचा कोरमघाटला! एटापल्लीपर्यंत एस.टी., तिथून जीपमध्ये तांदळाच्या पोत्यावर बसून, आणि शेवटचा नाला पॅन्ट गुडघ्यावर गुंडाळून. कंबरेचा काटा ढिला झाला, पण जागा पाहिली अन् थकवा पळाला. उंच काठावर कौलारू खोली, पुढे ओसरी, ओसरीपासून खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांच्या खाली बांडिया नदी. मागे नाला, त्याच्यापलीकडे सागाचं रान. चंद्रपूरला बाबूपेठेत आम्ही सगळे भाऊ-बहिणी एका खोलीत वाढलो, वरून कोळशाची धूळ. इथे अख्खी खोली माझी एकट्याची. पेटी उघडली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि ओसरीवर पाय पसरून बसलो, जसा काही मालगुजार.

काम सोपं आहे. नदीत रंगवलेली मोजपट्टी रोवलेली आहे. सकाळी, दुपारी अन् संध्याकाळी पाणी कुठवर आलं ते पाहायचं आणि वायरलेसवर सांगायचं. पावसाळाभर एकही हाजरी चुकली नाही तर दिवाळीनंतर पक्की ऑर्डर. आईने निघताना एवढंच म्हटलं, बाबू, ही नोकरी हातची जाऊ देऊ नको. कचेरीतल्या एकाने ऐकवलंच होतं, तुमचं काय बुवा, कोट्यातली नोकरी, घरबसल्या. मनात म्हटलं, ये ना मग लेका, बस कोरमघाटला. तोंडावर मात्र हो साहेब म्हणून आलो. त्याला बोट दाखवायला जागा द्यायची नाही, हे पक्कं.

सोबतीला जंगू आहे. माडिया माणूस, वयस्कर, नाल्यापलीकडच्या पाड्यात राहतो. रांधतो, लाकडं आणतो, मोजपट्टीचा गाळ काढतो. त्याने सांगितलं की नदी फुगली की नाला उलटा भरतो आणि ही खोली बेट होते. मग बाहेर निघायचं तर खालच्या पुसेर नाक्यावरून नाव बोलवावी लागते. वायरलेसवर हाक दिली की येते म्हणे. चला, तीही सोय आहे.

५ जुलै

या वायरलेसची गंमत लिहून ठेवतो. मला वाटलं होतं, एक मोठं ठाणं असेल, तिथे साहेब बसून नावं पुकारेल. तसं काही नाही. कचेरी इतकी लांब की आपला आवाज तिथवर जातच नाही. नदीकाठचे सगळे नाके, म्हणजे माझ्यासारखी पाणी मोजायची ठिकाणं, एकाच पट्टीवर, एकाच चॅनलवर. ज्याला ज्याचं ऐकू आलं त्याने पुढच्याला सांगायचं, त्याने त्याच्या पुढच्याला, असं करत करत पाण्याचा आकडा कचेरीत पोचतो. कोणी मालक नाही, कोणी मुकादम नाही. बटण दाबलं की बोल, सोडलं की ऐक. दोघांनी सोबतच दाबलं तर ज्याची बॅटरी तगडी त्याचा आवाज राहतो, दुसऱ्याचा हवेत विरतो.

संध्याकाळचे आकडे देऊन झाले की खरी मजा सुरू होते. सगळे नाके तिथेच थांबतात आणि गप्पांचा फड जमतो. माणूस माणसापासून दोन-दोन दिवसांच्या वाटेवर, पण बोलणं असं की जणू एका पारावर बसलेत. पुसेरचा बापूराव सगळ्यांत जुना, नावही त्याच्याच ताब्यात. राजन्ना सिरोंच्याकडचा, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलतो. दाढदुखीवर काय लावावं, अहेरीच्या टुरिंग टॉकीजला कोणता पिक्चर लागला, कोणाच्या म्हशीला वाघाने नेलं, एक विषय सोडत नाहीत. काल एकाने म्हटलं की बेलाचं झाड जास्त पवित्र की वडाचं, तर त्यावर अशी जुंपली की जेवण थंड झालं. मी नुसता ऐकतो. बटण दाबायची हिंमत होत नाही अजून.

९ जुलै

आज बोललो. जयभीम, मी कोरमघाटचा नवा माणूस, गुलाब निमगडे. तर पट्टी एकदम गप्प. नुसती खरखर. मग कोणीतरी म्हटलं की इथी रामराम म्हणतेत. दोन-तीन जण हसले. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, पण बापूरावने सांभाळून घेतलं. म्हणाला, पोराचा आवाज मोठा साफ आहे, आकाशवाणीवर बातम्या देते का रे तू? तेव्हापासून माझं नाव आकाशवाणी पडलं. पडो. शाळेत देशपांडे सरांनी पट्टीने मारून मारून माझी मले-तुले काढली होती, ती आज कामी आली.

जयभीम म्हणणं मात्र मी सोडणार नाही.

१४ जुलै

आज इथला रिवाज कळला. राजन्नाच्या बायकोची बाळंतपणाची तारीख जवळ आली म्हणून तो गावाला गेला. सुट्टी मागितली असती तर मिळाली नसती. संध्याकाळी त्याच्या नाक्याचं नाव निघालं आणि बापूरावने सरळ सांगून टाकलं की नाका हाजिर, पाणी कालच्याइतकं, माणूस खुशाल. मी चाट पडलो. मागून बापूरावने समजावलं की ही चोरी नाही, भाईचारा आहे. कोणी आजारी पडते, कोणी घरी जाते, त्याची हाजरी दुसरा कोणी भरते. आज त्याची, उद्या तुझी. वरच्या नाक्याचं पाणी पाहून खालच्याचा अंदाज येतेच की.

मला पटलं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. चंद्रपूरला कोणी माझ्यासाठी रांगेत जागा धरली नाही, अन् इथे न पाहिलेली माणसं हाजरी भरतात. उद्या राजन्नाची मी भरणार आहे.

१८ जुलै

राजन्नाची हाजरी दोन दिवस मी भरली. त्याला मुलगी झाली, आज नाक्यावर परतला. पट्टीवर सगळ्यांनी नाव सुचवलं.

आज संध्याकाळी गप्पा चालू असताना मध्येच एक आवाज घुसला. बारीक, विहिरीतून आल्यासारखा. नाव नाही सांगितलं, नाका नाही सांगितला. एकच रट लावली होती:

"भाऊ, पाणी पायरीले लागलं. मले घ्याले या."

मी विचारलं, हा कोण? बापूराव म्हणाला, कोणी नाई, मागच्या पावसाळ्यापासून कोणी टवाळ येते, त्याले उत्तर देऊ नये. तरी तो थांबेना. आमचं बोलणं तोडून तोडून तेच. राजन्ना मुलीचं सांगत होता, त्याचं अर्धं ऐकूच आलं नाही. शेवटी माझं डोकं सटकलं. बटण दाबलं आणि माझ्या त्या प्रसिद्ध आवाजात सुनावलं:

"चॅनल सोडा, भाऊ. कामाच्या माणसांना बोलू द्या."

गेला. पट्टी साफ झाली. सगळ्यांनी शाबास म्हटलं. आज पहिल्यांदा वाटलं की मी यांच्यातला झालो.

२४ जुलै

काल एटापल्लीच्या बाजाराला गेलो होतो. मीठ, रॉकेल, आईला पत्र. निघायच्या आधी पट्टीवर सांगून ठेवलं की माझी हाजरी कोणी तरी भरा. सगळे हो म्हणाले.

आज सकाळी बापूरावचे आभार मानले, तर तो म्हणाला की मी नाई भरली, मले वाटलं राजन्नानं भरली. राजन्नाला विचारलं. त्याला वाटलं बापूरावने. बाकीच्यांनीही कानावर हात ठेवले. पण हाजरी लागली आहे. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. मग बापूराव हसून म्हणाला, काऊन मजाक करून राह्यला बे, तूच तर बोलला, तुझाच आवाज होता, साफ.

मी तेव्हा बाजारात मिरची घेत होतो.

वरून तो म्हणाला, अन् काल तू रामराम म्हटलं, सगळ्याइले बरं वाटलं.

२७ जुलै

कोणी तरी चेष्टा करत असेल. माझ्या आवाजाची नक्कल करणारा एखादा असणारच इतक्या लोकांत. मी नक्कल करणाऱ्याला पट्टीवर चार शिव्या दिल्या.

पण आज दुपारी मोजपट्टी पाहून ओसरीवर चढलो, सेटसमोर बसलो, बटण दाबायच्या आधीच माझा आवाज आला. कोरमघाट हाजिर. आकडाही दिला. मी जो अजून तोंडातून काढला नव्हता तोच आकडा.

जंगू ओसरीवर भाजी चिरत होता. त्याने मान वर करून आधी सेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या बंद तोंडाकडे. विळी तिथेच ठेवून उठला अन् नाल्यापलीकडे निघून गेला.

२८ जुलै

जंगू आला. मी त्याला बसवून विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

माझ्या आधी इथे डोमा नावाचा माणूस होता. मागच्या सालची गोष्ट. त्याला ताप चढला, उठता येईना, तेव्हा पट्टीवरच्यांनी त्याची हाजरी भरली. चांगलंच केलं. तो बरा झाला अन् तेवढ्यात नदी चढली. नाला भरला. डोमा नाव मागत राहिला, पण त्याची बॅटरी उतरली होती आणि इकडे संध्याकाळच्या हाजरीला कोरमघाट हाजिर, माणूस खुशाल असं जातच होतं. मग नाव कशाला पाठवतील? पाणी उतरल्यावर जंगू नाला ओलांडून आला तर खोली आतून गाळाने भरलेली. डोमा खाली करंजाच्या झाडात अडकला होता.

जंगू निरोप घेऊन पुसेरला गेला तेव्हा बापूराव त्याला म्हणाला, वेडा झाला का, डोमा तर आताच बोलून गेला. डोमा मेल्यावरही कितीतरी दिवस त्याची हाजरी लागत होती. अन् भरणारा कोणीच नव्हता. याला वाटलं त्यानं भरली, त्याला वाटलं यानं.

पायरीले पाणी लागलं म्हणणारा तो आवाज! बाकीचे सगळे नाके टिनाचे आहेत, नदीपासून लांब. पायऱ्या फक्त कोरमघाटला आहेत.

अन् मी त्याला काय म्हटलं होतं?

३० जुलै

पट्टीवर डोमाचं नाव काढलं. सरळ विचारलं बापूरावला. पट्टी अशी गप्प झाली, जशी माझ्या जयभीमला झाली होती. मग कोणीतरी धानाच्या रोवण्याचा विषय काढला आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. मी परत विचारलं. तर म्हणे, झालं ते झालं, त्यात कोणाचा दोष नाई, आमी तर त्याचं भलंच करत होतो. प्रत्येक जण हेच बोलला. बोलायला सगळे हाजिर. अन् माणूस मेला तो कोणाच्याच हातून नाही.

मी म्हटलं, आजपासून माझी हाजरी कोणी भरायची नाही. मी स्वतः जयभीम म्हटलं तरच ती माझी. एकाने हळूच म्हटलं की याच्यापेक्षा तो दुसरा गुलाब बरा, तो भांडत तरी नाई. हसले सगळे.

४ ऑगस्ट

तीन दिवसांपासून झड लागली आहे. नदी काळी झाली. झाडं वाहून येऊन राह्यली.

जंगू सकाळी सामान बांधूनच आला. म्हणाला, नाला आता कंबरेइतका आहे, उद्या ओलांडता येणार नाही, पाड्यात चल. मी पेटी उचललीसुद्धा. मग कचेरीतल्या त्या कोटा काढणाऱ्याचं तोंड आठवलं. पळाला का रे, म्हणेल. आमाले माहीतच होतं, म्हणेल. आई म्हणाली होती, हातची जाऊ देऊ नको. पेटी खाली ठेवली. जंगू खूप वेळ थांबला. मी म्हटलं, तू जा, पुसेरची नाव आहे ना.

तो जाताना भात रांधून ठेवून गेला.

६ ऑगस्ट

नाला भरला. चारी बाजूंनी पाणी. मोजपट्टी बुडाली, आता आकडा पायऱ्यांवरून देतो.

सकाळी नाव मागितली. नीट, सावकाश, जयभीम म्हणून. बापूरावने विचारलं कोण बोलून राह्यलं, आवाज लई बारीक आहे. मी नाव सांगितलं. लगेच माझ्याच आवाजाने, खणखणीत, मध्ये पडून सांगितलं की रामराम बापूराव, इथे सगळं ठीक, पाणी उतरतंय. बापूराव म्हणाला, हा खरा.

बॅटरीचा दिवा मंद झाला आहे. त्या दुसऱ्याची बॅटरी कुठली आहे, ते कळत नाही.

७ ऑगस्ट

शाळेतली भाषा गेली कुठी. ओरडतो तं मायची भाषाच निंगते तोंडातून. मले घ्या, मी गुलाब, मी खरा. राजन्ना म्हणाला, आमचा गुलाब असा नाई बोलत, आमचा गुलाब शुद्ध बोलते.

त्याले मुलीचं नाव सांगितलं, जे मी सुचवलं होतं, कमल. त्या दुसऱ्यानं पण सांगितलं. माझ्या आधी सांगितलं.

आता समजते. गेलो असतो जंगूसंगं, तरी हाजरी लागलीच असती. एकही चुकली नसती. पक्की ऑर्डर आली असती दिवाळीले, गुलाब निमगडेच्या नावानं. अन् मी लेकाचा हाजरीसाठी इथी बसलो.

८ ऑगस्ट

पाणी ओसरीच्या खालच्या पायरीले —

दुपारी सगळे गप्पा करून राह्यले होते. नागपंचमी झाली, आता पोळ्याले कोण घरी जाईन, कोण कोणाची हाजरी भरीन. मी मधात घुसलो. काय बोललो ते बोलून झाल्यावर कानावर आलं. भाऊ, पाणी पायरीले लागलं. मले घ्याले या. तेच. शब्दाले शब्द.

डोमा, तुले मी —

पट्टीवर एक साफ आवाज आला. आकाशवाणीसारखा.

"चॅनल सोडा, भाऊ. कामाच्या माणसांना बोलू द्या."

सगळे शाबास म्हणाले.

९ ऑगस्ट

पाणी खोलीत. पेटीवर उभा राहून लिहून राह्यलो. सेट वर फळीवर आहे. बाबासाहेबाचा फोटो काढून सदऱ्यात घेतला.

आवाज येऊन राह्यला. कोरमघाट हाजिर. माणूस खुशाल. आईची खुशाली पण सांगून राह्यला. माझ्या आईची —

बापूरावले काही तरी शंका आली. त्यानं सगळ्याइले गप केलं. पहिल्यांदा केलं. म्हणाला, नाव तयार आहे, दोर सोडाचाच आहे, गुलाब, एकदा नीट सांग बाप्पा, पाठवू का नाई?

पट्टी गप आहे. सगळे ऐकून राह्यले.

दोघांनी सोबतच बटण दाबलं. मी म्हटलं हो. तो म्हणाला —